साल्साला पाणी सुटतंय? आधी मीठ बघा, मग टोमॅटो, मग सुरी

फोटोत काचेचा वाडगा असतो. वर टोमॅटो, कांदा, मिरचीचे तुकडे, खाली दोन बोटं गुलाबी पाणी, आणि सोबत एकच ओळ: ‘ताई, परत पाणी सुटलं.’ मी नऊ वर्षं मेक्सिकोत ग्वादालाहाराला राहते. इथल्या मराठी मैत्रिणी, नाशिकची बहीण, तिच्या सोसायटीतल्या बायका, सगळ्यांकडून हाच फोटो येतो. जिन्नस प्रत्येकीचे बरोबर असतात. चुकतं ते क्रमात आणि वेळेत. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते, सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत. वरून सुरुवात करा आणि दोष सापडला की तिथेच थांबा. सगळं एकदम बदललंत तर नेमकं कशामुळे बिघडत होतं ते कळणारच नाही.

मी बोलतेय तो कच्चा, चिरलेला साल्सा: टोमॅटो, पांढरा कांदा, सेरानो किंवा हालापेन्यो मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. मेक्सिकोत बऱ्याच ठिकाणी त्याला पिको दे गायो म्हणतात. साल्सा मेहिकाना म्हणतात, आणि झेंड्याचे तीन रंग दिसतात म्हणून साल्सा बान्देरासुद्धा. आमच्या हालिस्को राज्यात मात्र पिको दे गायो मागितलंत तर हिकामा (कच्चं खायचं पांढरं कंद), संत्रं आणि काकडीच्या फोडी लिंबू-तिखट लावून पुढे येऊ शकतात. इथे आलात तर साल्सा मेहिकानाच म्हणा.

लक्षणं

आधी आपला साल्सा नेमका कसा बिघडतो ते बघा.

- चिरताना सगळं ठीक, पण अर्ध्या-पाऊण तासात तळाला पाणी. पहिला घास छान, नंतरचे फिके. संशय मिठावर.
- चिरतानाच बोर्डवर ओघळ. संशय टोमॅटोवर किंवा सुरीवर.
- पाणी थोडंच, पण कोथिंबीर काळपट, मलूल, आणि सगळ्याला ओल्या गवताचा वास. कोथिंबीर नीट कोरडी झाली नव्हती, किंवा लिंबू फार आधी पिळलं.
- मिक्सरमधला साल्सा गुलाबी आणि फेसाळ, लाल नाहीच.
- हिरवा साल्सा उलटाच वागतो, फ्रिजमध्ये थिजून जेलीसारखा होतो. हा बिघाड नाही, त्याबद्दल पुढे.
- कडवटपणा. तोही पुढे.

१. मीठ कधी घातलं?

दहातल्या सात फोटोंचं उत्तर इथेच संपतं. टोमॅटोत साधारण ९५ टक्के पाणी असतं. चिरलेल्या फोडीला मीठ लागलं की बाहेरचा रस आतल्यापेक्षा खारट होतो आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. आपण हे सगळे लहानपणापासून बघत आलोय. माझी आई काकडीची कोशिंबीर कालवून ठेवायची, पण मीठ घालायची ते पानं मांडून झाल्यावरच. साल्साचं गणित तेच आहे, फक्त परदेशी नाव ऐकून आपण ते विसरतो.

मी स्वतः पहिल्याच वर्षी विसरले होते. ऑफिसात प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं होतं. मी सकाळी सातला मीठ-लिंबू घालून साल्सा डब्यात भरला आणि दुपारी एकला उघडला. तुकडे सुरकुतून लहान झाले होते आणि रसात तरंगत होते. तोस्तादावर एक चमचा घातला तर ती कुरकुरीत तळलेली तोर्तिया मिनिटभरात मधोमध मऊ पडून मोडली. माझ्याच टेबलावरच्या एका बाईंनी न बोलता स्वतःचा साल्सा पुढे सरकवला. त्यांनी सगळं चिरून आणलं होतं, पण मीठ आणि लिंबू वेगळ्या पुडीत. जेवायला बसल्यावर त्यांनी ते घातलं. त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली.

दोन रस्ते आहेत. घरच्या जेवणासाठी चिरून झाकून ठेवा आणि वाढण्याआधी दहा मिनिटं मीठ घाला. एवढा वेळ मीठ मुरायला पुरतो, पाणी सुटायला पुरत नाही. पाहुणे येणार असतील किंवा टाको भरायचे असतील तर उलट करा: आधीच पाणी काढून टाका. अर्धा किलो टोमॅटोच्या फोडींना एक छोटा चमचा मीठ चोळा, चाळणीत घालून खाली भांडं ठेवा आणि वीस मिनिटं सोडून द्या. मग बाकीचं मिसळा. चव बघितल्याशिवाय पुन्हा मीठ घालू नका, बरंचसं मीठ फोडींतच राहिलेलं असतं.

खाली जमलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात टोमॅटोचा जीव असतो. इथे बायका ते लाल भातात घालतात. मी साराला वापरते.

२. वाढता कशाने?

चमच्याने वाढत असाल तर झारा घ्या. पाणी वाडग्यात राहील, तुकडे ताटात येतील. कच्च्या साल्साला थोडं पाणी सुटणारच. ते पूर्ण थांबवायच्या मागे लागलात तर कोरडा आणि बेचव साल्सा होईल.

३. कोथिंबीर आणि मिरच्या कोरड्या होत्या का?

मेक्सिकोत कच्चं खायची भाजी नुसती धुऊन चालत नाही. बादलीभर पाण्यात जंतुनाशक थेंब घालून कोथिंबीर, मिरच्या काही मिनिटं बुडवून ठेवतात. ही सवय सोडू नका. २००८ साली अमेरिकेत साल्मोनेलाची मोठी साथ आली, १,४०० हून जास्त लोक आजारी पडले. सुरुवातीला सगळा दोष टोमॅटोवर आला, आणि तपास पुढे गेला तेव्हा हालापेन्यो आणि सेरानो मिरच्या पुढे आल्या. कच्च्या मिरच्यांकडे आपण कायम दुर्लक्ष करतो.

पण बुडवून काढलेली जुडी पानापानात पाणी धरून बसते. तशीच चिरली की ते पाणी साल्सात जातं आणि ओली पानं सुरीखाली ठेचली जाऊन काळी पडतात. जुडी उलटी धरून झटका, पंच्यात गुंडाळा, अर्धा तास ठेवा. हाताला ओल लागली नाही की मगच चिरा. बारीक देठंही घ्या, वास देठात जास्त असतो.

४. टोमॅटो कोणता?

इथे थोडे पैसे आणि बाजारात थोडा वेळ लागतो. आमच्या गल्लीत दर मंगळवारी टियांगिस भरतो, म्हणजे आपला आठवडी बाजारच. हा शब्द नाहुआत्ल भाषेतून आलाय. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटोला म्हणतात ‘हितोमाते’, तोही नाहुआत्लच. त्यात दोन प्रकार समोर असतात: गोल, मोठा, रसाळ ‘बोला’ आणि लांबट, जाड गराचा ‘सालादेत’. साल्साला सालादेत घ्यायचा. त्यात बियांचे कप्पे कमी आणि भिंती जाड, त्यामुळे चिरल्यावर तुकडा उभा राहतो. महाराष्ट्रातल्या मंडईत लांबट, कडक टोमॅटो मिळतो तो या कामाला उत्तम. गावरान चपटा, आंबट टोमॅटो सारासाठी ठेवा, त्याच्या साल्साला पाणी सुटणारच.

पिकलेपणाही बघा. इथे अवोकाडो घेताना विकणारा हमखास विचारतो, आजसाठी हवा की उद्यासाठी? मी तोच प्रश्न टोमॅटोला लावते. लाल झालाय, पण अंगठ्याने दाबला तर जेमतेम दबतो, तो आजचा. बोट आत रुतलं तर तो भाजायच्या साल्सासाठी.

आणि फ्रिज. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की त्याचा वास हळूहळू मरतो आणि गर पिठूळ होतो. पिठूळ गर पाणी धरून ठेवत नाही. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटोला थंडी बाधते. ओट्यावर टोपलीत ठेवा.

बिया काढायच्या का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरातच चवीचा मोठा भाग असतो, म्हणून मी तो फेकण्याच्या विरुद्ध आहे. टोमॅटो उभा चिरून गर चमच्याने चाळणीत काढते, दाबून गाळते, बिया टाकते आणि त्या दाट रसातला चमचाभर वाढताना वरून घालते. घाई असेल आणि सालादेत चांगला असेल तर बियांसकट चिरते. काही बिघडत नाही.

५. कांदा आणि लिंबू

इथे कांदा पांढराच असतो. तुमच्याकडे अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो वापरा, तो गोडसर आहे. फार उग्र कांदा असेल तर इथल्या बायका तो ‘देसफ्लेमार’ करतात, म्हणजे चिरून मीठ घातलेल्या थंड पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवतात आणि निथळतात. हे करत असाल तर निथळून कपड्यावर पसरा. नाहीतर अर्धी वाटी पाणी तुम्ही स्वतःच घातलंत.

लिंबाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडते. मेक्सिकोचं बारीक, पातळ सालीचं लिंबू, कोलिमा भागातलं, ते आपलं कागदी लिंबूच आहे. स्पॅनिशांनी ते या बाजूला आणलं, आणि इथली मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. तेव्हा आपल्याकडच्या लिंबाने साल्सा ‘खरा’ होणार नाही ही चिंता सोडा. मोठं, बिनबियांचं पर्शियन लिंबू घेत असाल तर मात्र अंदाज बदला, त्याला रस बराच जास्त असतो. लिंबू सगळ्यात शेवटी पिळा. आणि साल पिरगाळून शेवटचा थेंब काढू नका, सालीचं तेल उतरतं आणि चव कडू होते.

६. सुरी

इथवर सगळं बरोबर असेल आणि तरी चिरतानाच पाणी येत असेल, तर ही तपासणी करा. एक टोमॅटो बोर्डवर ठेवा. सुरी त्याच्या सालीवर नुसती टेकवा आणि जोर न लावता पुढे ओढा. साल लगेच उघडली तर धार आहे. सुरी घसरली किंवा साल आधी आत दबली आणि मग फाटली, तर धार गेली आहे. बोथट सुरी कापत नाही, चेंगरते. पेशी फुटतात आणि मीठ लागण्याआधीच रस बाहेर येतो. चिरून झाल्यावर तुकडे बाजूला सारून बोर्ड बघा. धारदार सुरीखाली बोर्ड फक्त ओलसर दिसतो. बोथट सुरीखाली त्याच्यावर बियांसकट गुलाबी डबकं असतं.

घरी धार लावायला दगड असेल तर लावा. दाते असलेली ब्रेडची सुरीही तात्पुरती चालते. पण पात्याला खाच पडली असेल, किंवा दोनदा घासूनही साल दबत असेल, तर तिथेच थांबा आणि धारवाल्याला बोलवा. पातं घरी घासत बसलात तर त्याचा कोन जातो आणि बोट कापायची भीती वाढते. मेक्सिकोत ‘आफिलादोर’ सायकलवरून येतो. त्याच्या लहानशा बासरीची चढती-उतरती शीळ गल्लीच्या टोकापासून ऐकू येते आणि बायका सुऱ्या घेऊन दारात येतात. मी वर्षातून दोनदा त्याच्याकडे तीन सुऱ्या देते. माझ्या साल्सात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पाडला.

७. मिक्सर आणि दगडी खल

वाटलेला साल्सा गुलाबी होतो तो हवेमुळे. मिक्सर जोरात फिरतो, रसात बुडबुडे शिरतात, रंग फिका पडतो. आपला मिक्सर तर खोबरं वाटायला बनवलेला. आधी मिरची, लसूण, कांदा, मीठ एवढंच वाटा. टोमॅटो शेवटी घाला आणि बटण उलटं दाबून दोन-तीन झटकेच द्या. फेस आलाच तर पंधरा मिनिटं ठेवा, वर येईल तो चमच्याने काढा. झटके देऊनही टोमॅटोची साल तशीच गुंडाळलेली राहत असेल तर भांड्याचं पातं झिजलंय. ते दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या, स्वतः उघडू नका. रबरी वायसर चुकून उलटा बसला तर पाणी मोटारीत उतरतं.

हाच क्रम मोल्काहेतेत, म्हणजे बसाल्ट दगडाच्या तीन पायांच्या खलात पाळतात. आधी लसूण आणि मीठ, मग मिरची, शेवटी टोमॅटो. मीठ इथे वाळूसारखं काम करतं, लसणाची मऊ पेस्ट होते. खलातला साल्सा कधीच फेसाळत नाही, म्हणून हा त्रास कायमचा संपवायचा असेल तर खल घ्या. नवा खल मात्र आधी तयार करावा लागतो. कोरडा तांदूळ वाटत राहायचं, पीठ पांढरं निघेपर्यंत. माझ्या खलाला चार फेऱ्या लागल्या. सात-आठ फेऱ्यांनंतरही पीठ राखाडी निघत असेल, दाताखाली कच येत असेल, किल्लीने घासल्यावर भुकटी सुटत असेल, तर तो दगड नसून सिमेंट असण्याची शक्यता आहे. त्यात खाऊ नका. ग्वादालाहाराजवळ सान लुकास एव्हान्हेलिस्ता या गावात पिढ्यान्‌पिढ्या खल घडवणारे कारागीर आहेत. एकदा तिथे जाऊन त्यांच्या हातूनच तपासून घ्या.

हिरवा साल्सा थिजतो, आणि कडवटपणा

हिरव्या साल्सातलं फळ टोमातियो. चिरबोटीच्या कुळातलं, तसंच कागदी आवरणात असतं. त्यात पेक्टिन (जॅम घट्ट करतो तो घटक) भरपूर, म्हणून थंड झालं की थिजतं. चमचाभर पाणी घालून ढवळा, पुन्हा ओतता येईल.

कडू लागला तर आधी सालीवरचा चिकटपणा आठवा. आवरण काढल्यावर कोमट पाण्यात चोळून धुवायलाच हवा. दुसरं कारण जळकी लसूण. तव्यावर भाजलेल्या, म्हणजे तातेमादा साल्सात टोमॅटोवर काळे डाग हवेतच, पण लसूण सालीसकट भाजा आणि ती मऊ झाली की लगेच काढा. जळलेली पाकळी सबंध भांडं कडू करते आणि त्याला उपाय नाही. फेकून नव्याने करा.

पाणी सुटलेला साल्सा वाचतो का?

तासाभराचा असेल तर वाचतो. गाळून घ्या, एक ताजा टोमॅटो चिरून मिसळा, लिंबू पिळा. कालचा फ्रिजमधला असेल तर कच्चा वाढू नका. तेलावर परता, दोन अंडी फोडा. त्याला इथे ‘वेवोस आ ला मेहिकाना’ म्हणतात, आणि आपल्या भुर्जीची ती सख्खी बहीण आहे.

इथे थांबा

बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला साल्सा टाकून द्या. कडक उन्हाळ्यात एकच तास. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही. बुडबुडे आले, झाकण फुगलं, आंबूस वास आला, तर चाखून बघायचं नाही.

आणि कच्चा साल्सा बाटलीत भरून कपाटात टिकवायचा प्रयत्न घरी करू नका. हे मी कळकळीने सांगते. लोणचं टिकतं म्हणून हाही टिकेल असं वाटतं, पण लोणच्यात मीठ आणि तेल किती असतं ते आठवा. साल्सातले कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर सगळे कमी आंबट असतात. मिश्रणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर राहिला तर बंद बाटलीत बोट्युलिझमचं, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचं, विष तयार होऊ शकतं. त्याला वास नसतो, चव नसते. १९७७ साली मिशिगनमधल्या पाँटिअॅक शहरात एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये घरगुती पद्धतीने बाटलीबंद केलेल्या हालापेन्योंमुळे ५९ जणांना बोट्युलिझम झाला होता. विकायचा विचार असेल तर अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेतून पीएच मोजून घ्या आणि अन्न तंत्रज्ञाकडून कृती ठरवून घ्या. लिंबू ‘थोडं जास्त’ घालून हा प्रश्न सुटत नाही.

मिरची डोळ्यात गेली तर पाण्याने बराच वेळ धुवा, चोळू नका. धुऊनही दुखणं थांबलं नाही तर डॉक्टर. साल्सा खाऊन रक्ताचे जुलाब, जोराचा ताप, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर डॉक्टर. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस आजारी पडलं असेल तर वाट बघूच नका. बाटलीतलं काही खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत धूसर किंवा एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली, गिळता येईना, तर रात्र असली तरी तडक मोठ्या रुग्णालयात जा. बोट्युलिझमला औषध आहे, पण ते लवकर मिळावं लागतं. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, बाटली कधी भरली होती, हे सांगा. उरलेली बाटली फेकू नका. न उघडता पिशवीत घट्ट बांधून बाजूला ठेवा, तपासणीला लागू शकते.